माणूस खान्देशात, काम न्यूयॉर्कात

चाळीसगाव स्टेशनजवळ एक जुना बंगला आहे. त्या बंगल्यातला माणूस पन्नासएक वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, आणि त्याच पन्नास वर्षांत त्याचं काम मात्र जगभर फिरून आलं. कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे आपले केकी मूस. जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२ चा. आईवडिलांचं दुकान चाळीसगावात. शिकून, परदेश पाहून १९३० च्या दशकाच्या अखेरीला ते चाळीसगावी परतले आणि घरातच राहिले ते ३१ डिसेंबर १९८९ रोजी शेवटचा श्वास घेईपर्यंत. या बंद दारामागून पाठवलेल्या छायाचित्रांसाठी त्यांना तीनशेच्या वर पारितोषिकं मिळाल्याचं सांगतात. त्यात देशातली होती तशी परदेशातलीही.

मुंबईत स्टुडिओ नाही, लंडनमध्ये एजंट नाही, फोनसुद्धा दुर्मीळ असलेला काळ. मग हे जमलं कसं?

मूस यांची खासियत होती टेबलटॉप फोटोग्राफी. टेबलावर इवल्याशा वस्तू मांडायच्या आणि त्यांचं असं छायाचित्र काढायचं, की बघणाऱ्याला समोर खरोखरीचं निसर्गदृश्य आहे असं वाटावं. डोळ्याला आकाराचा अंदाज लागू द्यायचा नाही, इतकीच युक्ती. पण ती साधायची तर दिव्याची दिशा, भिंगाची उंची, सावलीची लांबी हे सगळं जुळून यावं लागतं. हातभर अंतरावरच्या दिव्याने सूर्यासारखी सावली पाडली नाही, तर लगेच भांडं फुटतं. म्हणजे ज्या माणसाने जग बघायला बाहेर पडणं सोडलं, त्याने जगच टेबलावर मांडलं! मग त्याचा प्रिंट काढायचा, पुठ्ठ्यांमध्ये घालून पार्सल करायचं आणि टपालात टाकायचं. आंतरराष्ट्रीय छायाचित्र प्रदर्शनांची पद्धतच तशी होती. प्रिंट टपालाने मागवायचे, परीक्षकांनी निवड करायची, प्रदर्शन झालं की मागे लेबल चिकटवून प्रिंट परत पाठवायचा. कलावंत स्वतः हजर आहे की नाही, हे कुणी विचारत नसे.

आणि टपालही कसं? चाळीसगाव पडतं मुंबई-भुसावळच्या मुख्य मार्गावर. या मार्गावरच्या मेल गाड्यांना आरएमएसचा, म्हणजे रेल्वे टपाल सेवेचा, डबा असे. त्यात कर्मचारी रात्रभर उभे राहून, गाडी हलत असताना, पत्रं गावागावांच्या खणांत टाकत जात. गाडी मुंबईला पोचेतो टपाल निवडून तयार! प्रवास आणि काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उरकायची ही शक्कल भारतात १८६० च्या दशकापासून सुरू होती.

इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. घरबसल्या काम करण्याचा शोध इंटरनेटने लावलेला नाही. काम माणसाच्या देहापासून सुटं होऊन स्वतःच प्रवास करू लागलं, की माणसाला प्रवास करावा लागत नाही. त्यासाठी कामाचं वजन घटावं लागतं. मूस यांचं काम काही ग्रॅमच्या कागदावर उतरलं होतं, म्हणून ते युरोपला जाऊ शकलं. तेव्हापासून आजवर फरक पडलाय तो इतकाच, की त्या कागदाचंही वजन गेलं.

खान्देशाने हे वजन घटताना फार आधीपासून पाहिलं आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ बनलं. कापसाची गाठ मुंबईलाच न्यावी लागे, त्याला इलाज नव्हता. पण गाठीचा भाव? तो लिव्हरपूलमध्ये ठरायचा आणि बोटीने यायला महिनाभर लागायचा. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली आणि तोच भाव काही तासांत येऊ लागला. पुढे रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब होतेच. माल बैलगाडीच्या वेगाने आणि त्याची किंमत विजेच्या वेगाने! जळगावच्या पेढीवर बसलेला व्यापारी लिव्हरपूलच्या बाजाराशी व्यवहार करू शकत होता, आणि त्यासाठी त्याला पेढीवरची गादी सोडावी लागत नव्हती.

पुढची पायरी इंग्लंडातली. स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी १९६२ मध्ये ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी काढली. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या हुशार बायका त्यांनी गोळा केल्या आणि सगळ्यांना घरूनच काम दिलं. कुणाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता! बायका कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायच्या आणि टपालाने पाठवायच्या. दुसरीकडे त्याची कार्डं पंच व्हायची. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं प्रोग्रामिंग अशा घराघरांतून झालं. शर्लीबाई व्यवसायाच्या पत्रांवर ‘स्टीव्ह’ अशी सही करत, कारण बाईच्या नावाने गेलेल्या पत्राला उत्तरच येत नसे.

आता येऊ जळगाव जिल्ह्यातल्या आजच्या चोपड्यात. समजा, एक मुलगी संध्याकाळी सात वाजता माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली आहे. न्यूयॉर्कला सकाळ आहे, मीटिंग सुरू झाली. ती ‘गुड मॉर्निंग’ म्हणते, आणि तिकडचा माणूस लगोलग मान हलवतो. या ‘लगोलग’मध्ये काय काय घडलं, ते एकेक करून पाहू. मला स्वतःला या एका क्षणाइतकं थक्क करणारं दुसरं काही क्वचितच दिसतं.

आधी तिचा चेहरा. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं टिपतो. प्रत्येक चित्रात वीस लाखांवर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट. गुणाकार करून बघा, सेकंदाला जवळजवळ १५० कोटी बिट होतात. एवढं सगळं पाठवायचं म्हटलं तर गावातल्या कोणत्याही घरगुती कनेक्शनची छाती फुटेल. प्रत्यक्षात जातात सेकंदाला वीस-तीस लाख. म्हणजे पाचशे भागांतले चारशे नव्व्याण्णव निघण्याआधीच गाळले, आणि तिकडच्या माणसाला पत्ताही नाही!

गाळले कसे? पहिली चलाखी अशी, की मागची भिंत, कपाट, कॅलेंडर पुन्हा पुन्हा पाठवायचंच नाही. जे हललं तेवढंच सांगायचं. ओठ हलले, पापणी मिटली, बाकी सगळं मागच्या चित्रातलंच धरा. दुसरी चलाखी त्याहून सुंदर आहे. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन निरनिराळ्या लहरींच्या बेरजेत मांडायचा. काही लहरी संथ, काही बारीक खरखरीत. आपला डोळा संथ छटा नीट टिपतो, बारीक खरखरीकडे मात्र फारसं लक्ष देत नाही. मग ती खरखर टाकून द्यायची. हे गणित १९७४ साली तिघांनी मिळून प्रसिद्ध केलं: नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. नासिर अहमद बंगळूरचे. त्यांनी आधी या कल्पनेवर संशोधनासाठी अमेरिकेत अनुदान मागितलं होतं. ते नाकारलं गेलं. एका परीक्षकाला ही कल्पना फारच साधी वाटली होती! आज तुमच्या मोबाइलमधला प्रत्येक जेपीजी फोटो आणि मीटिंगमधला प्रत्येक चेहरा त्या ‘फारच साध्या’ गणिताच्या घराण्यातला आहे.

आता या आकड्यांचे तुकडे होतात. सावदा-रावेरची केळी दिल्लीला निघतात तेव्हा एका बागेचा माल वेगवेगळ्या ट्रकांत चढतो. प्रत्येक ट्रकची बिल्टी वेगळी, एखादा इंदूरवरून जातो, एखादा दुसऱ्या वाटेने, आणि मंडीत बिल्ट्या बघून माल पुन्हा एकत्र लागतो. डेटाचं तसंच. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक असतो, रस्ता बंद असेल तर तो दुसऱ्या रस्त्याने जातो, उलटसुलट पोचला तरी क्रमांक बघून जागेवर बसतो.

हे तुकडे घराबाहेर पडतात ते भिंतीवरच्या पांढऱ्या डबीतून. ती डबी तुम्ही पाहिली आहे. तिच्यावर लाल दिवा लागला की घरात एकच आरडाओरड होते, ‘नेट गेलं!’ तिच्या मागून निघणारी पिवळी किंवा काळी वायर म्हणजे काच आहे. मधोमध प्रकाश वाहून नेणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक. त्याभोवती वेगळ्या जातीची काच. दोन काचांच्या सीमेवर तिरका आलेला प्रकाश बाहेर पडूच शकत नाही, पुन्हा आत वळतो, पुन्हा पुढे जातो. काचेच्या तंतूतून चित्र पाठवण्याचं काम १९५० च्या दशकात लंडनमध्ये नरिंदर सिंग कपानी या पंजाबी तरुणाने केलं. पण तेव्हाची काच इतकी अशुद्ध, की थोड्या अंतरात प्रकाश विझून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सांगितलं, दोष प्रकाशाचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. काच शुद्ध करा, प्रकाश मैलोगणती जाईल. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजची काच किती शुद्ध? पंधरा किलोमीटर गेल्यावर कुठे तिच्यातला प्रकाश निम्मा होतो. जळगावात दिवा लावा आणि नशिराबादच्या पुढे जाऊन बघा, मध्ये नुसती भरीव काच, तरी निम्मा उजेड शाबूत!

आणि ही काच जोडतात कशी, ते एकदा थांबून पाहा. रस्त्याकडेला, खांबाच्या सावलीत, नेटवाला पोरगा मांडी घालून बसलेला असतो. समोर टिफिनएवढं यंत्र. तो तंतूवरचं आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, कटरने काटकोनात छाटतो आणि दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर ठेवतो. छोट्या पडद्यावर ती टोकं मोठी होऊन दिसतात; यंत्र स्वतःच ती हलवून एका रेषेत आणतं. मग क्षणभर विजेची ठिणगी पडते, काच वितळते, दोन्ही तंतू एक होतात. मायक्रॉनमध्ये मोजायचं काम, आणि ते होतं मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, ट्रकांची धूळ खात. या कारागिराचं कौतुक फार कमी होतं. न्यूयॉर्कच्या मीटिंगमध्ये त्याचाही हात असतो.

अजून एक नवल खांबावरच्या डबीत आहे. गल्लीत येणारा तंतू एकच असतो आणि घरं बत्तीस, कधी चौसष्ट. त्या डबीत प्रकाशाची वाटणी होते, आणि त्यासाठी वीज लागत नाही. काचेच्या फांद्या फुटलेल्या असतात, बस्स. दिवसभर लोडशेडिंग असो, डबी आपलं काम करत राहते. म्हणून तर घरातली डबी आणि राउटर इन्व्हर्टरवर असले, की अख्ख्या गल्लीत अंधार असताना एका खोलीत मीटिंग चालू राहू शकते. घरापर्यंत पोचणारा प्रकाश किती? वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही मोजके. आणि तेवढ्यात सिनेमा, शाळा, ऑफिस सगळं मावतं.

पण बत्तीस घरं एकाच तंतूतून उलट दिशेला बोलू लागली तर गोंधळ नाही का होणार? इथे मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात. एक्सचेंजमधलं यंत्र प्रत्येक घराचं अंतर आधी मोजून ठेवतं आणि प्रत्येकाला बोलायची पाळी वाटून देतं. काचेत प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांशात वीस सेंटिमीटर जातो. त्या हिशेबाने, लांबचं घर जरा आधी आणि जवळचं घर जरा उशिरा, अशा पाळ्या बसवलेल्या असतात. सेकंदाला हजारो वेळा हे पाळीचं चक्र फिरतं. जाणारा प्रकाश एका रंगाचा, येणारा दुसऱ्या रंगाचा, दोन्ही डोळ्यांना न दिसणारे, दोन्ही त्याच एका तंतूत समोरासमोरून जातात आणि एकमेकांना धक्काही लागत नाही.

पुढचा प्रवास झपाट्याने. चोपडा, जळगाव, मुंबई हे अंतर काचेतून दोन-तीन मिलिसेकंदांचं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. खोल समुद्रातल्या केबलची जाडी दोनएक सेंटिमीटर. दर साठ ते शंभर किलोमीटरवर समुद्रतळाशी एक उपकरण बसवलेलं असतं, ते थकलेल्या प्रकाशाला पुन्हा बळ देतं. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य, मग अटलांटिक. सतरा-अठरा हजार किलोमीटर. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर, म्हणजे एकूण नव्वदएक मिलिसेकंद. डोळ्याचं पातं एकदा लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. जगातल्या दहा भाषांचा अभ्यास करून २००९ मध्ये संशोधकांनी हे दाखवलं. थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे तेच. दूरसंचारवाल्यांचा अनुभव असा, की आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सहज चालतं. त्याच्या फार पुढे गेलं, की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर आदळायला लागतात. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर. म्हणजे आपल्यापासून सर्वांत लांबचा माणूस वीस हजार किलोमीटरवर, काचेतून शंभर मिलिसेकंदांवर. १५० च्या आत! पृथ्वी आहे त्याच्या तिप्पट असती, तर कितीही चांगली काच बनवली असती तरी पलीकडच्या माणसाशी मनमोकळं बोलणं जमलं नसतं. भौतिकशास्त्राने परवानगीच दिली नसती. आपला ग्रह, काचेतल्या प्रकाशाचा वेग आणि आपल्या मेंदूची बोलण्याची लय, या तिघांचा एकमेकांशी काहीएक संबंध नसताना त्यांचं मोजमाप जुळून आलं आहे.

एवढी करामत करून हाताला काय लागलं? याचंही मोजमाप झालेलं आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने आपल्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यासला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरून काम करायला तयार असलेल्यांतून ज्यांची जन्मतारीख सम ते घरी, ज्यांची विषम ते ऑफिसात. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. मोठा वाटा कमी सुट्ट्यांचा आणि कमी ब्रेकचा. उरलेला शांततेचा, कारण घरी ते मिनिटाला जास्त कॉल घेत होते. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी परत ऑफिसात यायचं ठरवलं. कारण एकटेपणा. त्याच गटाने २०२४ मध्ये १६१२ जणांवरचा नवा अभ्यास मांडला, त्यात आठवड्यात दोन दिवस घरून काम होतं. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांवर काहीच परिणाम झाला नाही. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने तर तपासनिसांना देशात कुठेही राहायची मुभा दिली. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या पृथ्वीराज चौधरींच्या अभ्यासात त्यांचं काम ४.४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

मग आपल्याकडे इतकी वर्षं हे का झालं नाही? काच होती, लॅपटॉप होते. एक मोठा अडसर नियमांचा होता. कॉल सेंटर आणि आउटसोर्सिंगच्या कंपन्यांना दूरसंचार खात्याकडे नोंदणी करावी लागे आणि माणसाला घरून काम करू द्यायचं तर एक कोटी रुपयांची अनामत! मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर ही अट शिथिल झाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते नियमच मोठ्या प्रमाणात मोडीत निघाले. अनामत उठली आणि जळगाव-धुळ्याची कितीतरी पोरं पुण्याच्या खोल्या सोडून लॅपटॉपसकट घरी आली.

खान्देशाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रविवारी रात्री जळगावच्या ट्रॅव्हल्स स्टॉपवर उभं राहा. पुण्याला निघालेल्या स्लीपर गाड्या, आईने दिलेली भरताची वांगी आणि पापडाचे डबे, खिडकीशी उभे बाप. शिकलेला मुलगा म्हणजे गेलेला मुलगा, हे समीकरण आपण दोन-तीन पिढ्या गृहीत धरलं. पगार बाहेर गेला की तो तिथेच घरभाड्यात, पेट्रोलमध्ये, डब्याच्या मेसमध्ये जिरतो. तोच पगार धुळ्यात आला की दूधवाला, शिंपी, किराणा, शाळेची रिक्षा, प्रत्येकाच्या हातात थोडा थोडा पोचतो. एका माणसाच्या परत येण्याने गल्लीतला बाजार बदलतो, आणि हे कोणत्याही कारखान्याच्या उद्घाटनाशिवाय घडतं.

पण सर्वांत मोठा फायदा मला वेगळाच वाटतो, आणि तो स्टेफनी शर्लींनी साठ वर्षांपूर्वी ओळखला होता. इंजिनीअर झालेली मुलगी एरंडोलला किंवा साक्रीला सून म्हणून येते. नोकरी पुण्यात, संसार इथे. आतापर्यंत याचं एकच उत्तर होतं, आणि ते तिने द्यायचं होतं. आता तिची नोकरी तिच्याबरोबर माहेरून सासरी येऊ शकते. बाळंतपणाला आईकडे गेली तरी येते. ज्याला जिना चढता येत नाही, ज्याला आजारी वडिलांना सोडून हलता येत नाही, त्याचंही तसंच. अशी किती बुद्धी आजवर केवळ पत्ता चुकला म्हणून वाया गेली असेल!

यात खोट नाही असं नाही. नुकतंच कामाला लागलेलं पोर शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी माणसाकडे बघून शिकतं. ते पडद्यातून तितकं उतरत नाही. न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ-रात्र, तेव्हा जेवणाच्या वेळा विस्कटतात. घर लहान असेल तर एका खोलीत मीटिंग आणि दुसऱ्या खोलीत हळदीचा कार्यक्रम. त्यावर घरोघरी तोडगे निघत आहेत; मे महिन्यात पहाटे पाचला काम सुरू करणारेही आहेत, कारण तेव्हा ऊनही नसतं आणि दारावरची बेलही वाजत नसते.

आणि सगळंच काम सुटं होत नाही, हेही खरं. केळीचा घड यावलच्या बागेतच उतरवावा लागतो, कापूस वेचायला शेतात वाकावंच लागतं. अशा हातांच्या कामांच्या यादीत तुम्ही सर्जनचं नावही नक्की घालाल. पोट उघडून पित्ताशय काढायचं तर डॉक्टर टेबलाशी हवाच, नाही का?

७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये एका कन्सोलसमोर बसले आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात टेबलावर असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय त्यांनी काढलं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, तिकडे रोबोचे हात, इकडे त्यांचे. हात हलल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. बाई दोन दिवसांत घरी गेल्या. त्या एका ऑपरेशनसाठी अटलांटिकच्या तळातून खास राखीव फायबरमार्ग द्यावा लागला होता. त्याच जातीची काच आज पारोळ्या-धरणगावातल्या कितीतरी घरांत टीव्हीमागच्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेली आहे.